वाचकांचे प्रश्न : पस्तीस हजारांत पहिली रोड सायकल

प्रश्न : स. न. वि. वि. मी वारजे येथे राहते. वय ३८. शिवाजीनगरच्या एका बँकेत नोकरी करते. कॉलेजपर्यंत सायकल चालवत होते, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे स्कूटरच चालवली. गेले वर्षभर मुलाची साधी सायकल घेऊन रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येते आणि आता स्वतःची रोड सायकल घेण्याचे ठरवले आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस कामावर सायकलने जावे (एका बाजूने सुमारे ९ किलोमीटर), रविवारी ४०-५० किलोमीटरांची फेरी करावी आणि एकदा तरी सिंहगडाचा घाट सायकलने चढावा, अशी इच्छा आहे. सर्व मिळून ३५,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकते. माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ६४ किलो.

एका दुकानात २१ गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल सवलतीत २७,५०० रुपयांना मिळते आहे. ती ५६ मापाची आहे, पण ‘सीट खाली घेतली की झाले’, असे दुकानदार म्हणतात. दुसऱ्या दुकानात ५१ मापाची, १६ गिअरची, साध्या रिम ब्रेकची सायकल २९,००० रुपयांना आहे. घरच्यांचे मत हायब्रीड (सरळ हँडलची, रोड सायकल आणि साधी सायकल यांच्या मधली) घ्यावी असे आहे, आणि वापरलेली सायकल घेतली तर याच पैशांत अधिक चांगली मिळेल का, असेही वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, आणि ती म्हणजे ५६ हे फ्रेमचे, म्हणजे सायकलीच्या सांगाड्याचे, सेंटिमीटरांतील माप. ती सायकल कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नये, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. सायकलीचे टायर, सीट, गिअर, चाके हे सारे पुढेमागे बदलता येते. फ्रेमचे माप बदलता येत नाही. सीट खाली घेतली की पाय पेडलपर्यंत पोहोचतील हे खरे, परंतु सीट आणि हँडल यांमधील अंतर त्यामुळे कमी होत नाही. ५१ आणि ५६ या मापांत फ्रेमच्या वरच्या नळीच्या लांबीत साधारण ३ ते ४ सेंटिमीटरांचा फरक असतो, शिवाय मोठ्या मापाच्या सायकलीला हँडल अधिक रुंद आणि हँडल धरून ठेवणारा स्टेमही बहुधा अधिक लांब बसवलेला असतो. आपल्या उंचीच्या व्यक्तीला अशा सायकलीवर ब्रेकपर्यंत पोहोचण्यासाठी कोपरे ताठ करून आणि खांदे उचलून बसावे लागते. पहिले १० किलोमीटर काहीच जाणवत नाही. पंचविसाव्या किलोमीटरला मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात आणि आपल्यालाच व्यायामाची सवय राहिलेली नाही, असा चुकीचा निष्कर्ष माणूस काढतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. १९९४ साली मी घेतलेली पहिली ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) सायकल अशीच माझ्या मापापेक्षा मोठी होती आणि तीही दुकानदाराच्या शब्दावर व सवलतीच्या मोहाने घेतलेली होती. दिवे घाट चढून सासवडला गेलो की परतीच्या वाटेवर मान वळवून मागची वाहने पाहणेही कठीण होई. दोन वर्षे मी स्टेम बदलून, सीट पुढे सरकवून पाहिली आणि अखेर ती सायकल निम्म्याहून कमी किमतीत विकली. त्या दोन वर्षांत किती सुंदर सकाळी मी सायकल काढलीच नाही, याचे वाईट आजही वाटते, आणि म्हणूनच मापाविषयी मी इतक्या आग्रहाने बोलतो.

आपले माप घरीच काढता येईल. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सीटप्रमाणे घट्ट वर धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे. ही पायांची आतील लांबी झाली. तिला ०.६७ ने गुणले की फ्रेमचे पारंपरिक माप साधारण कळते आणि ०.८८३ ने गुणले की पेडलच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. आपल्या उंचीला ही लांबी सुमारे ७६ सेंटिमीटर असावी. म्हणजे फ्रेम ५१ च्या आसपास आणि सीटची उंची ६७ सेंटिमीटर. अर्थात प्रत्येक कंपनी फ्रेम वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजते आणि हल्लीच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते, म्हणून नुसत्या अंकावर विसंबू नये. प्रत्यक्ष सायकलीवर किमान पंधरा मिनिटे बसून यावे. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवले असता कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत आणि तिथूनच दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता आला पाहिजे. आपला हात लहान असेल तर ब्रेकची दांडी हँडलच्या जवळ आणण्याचा स्क्रू त्या सायकलीला आहे का, हे विचारावे. हँडलची रुंदी आपल्या खांद्यांच्या रुंदीएवढी असावी. चाचणीसाठी सायकल देण्यास जे दुकान तयार नसेल, तिथे खरेदी करू नये.

आता गिअर. २१ हा आकडा १६ पेक्षा मोठा आहे म्हणून ती सायकल सरस, असे होत नाही. २१ म्हणजे पुढे पेडलपाशी ३ चेनरिंग (दातेरी चकत्या) व मागच्या चाकाला ७ चक्रे, १६ म्हणजे पुढे २ व मागे ८. आपल्याला सिंहगड चढायचा आहे, त्यामुळे एकूण गिअर किती यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी दुकानात उभे राहून दाते मोजावेत. चेनरिंगवर आकडा बहुधा कोरलेलाही असतो. पुढची लहान चेनरिंग ३४ दात्यांची आणि मागचे सर्वांत मोठे चक्र ३२ दात्यांचे असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.२७ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ८ किलोमीटरांच्या थोडा वर राहतो. हेच पुढे ३९ व मागे २५ दाते असले, जसे शर्यतीच्या अनेक जुन्या सायकलींना असत, तर तेवढ्याच फेऱ्यांसाठी ताशी १२ किलोमीटर वेग राखावा लागेल. खडकवासल्याचे धरण समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांच्या किंचित खाली आहे आणि सिंहगड सुमारे १,३०० मीटरांवर. यातील बहुतेक चढ गोळेवाडीनंतरच्या आठ-नऊ किलोमीटरांच्या घाटात आहे. त्या वळणांवर ताशी १२ चा वेग राखणे नव्या माणसाच्या आवाक्यातले नाही, ताशी ८ चा मात्र आहे. म्हणून ३४ आणि ३२ ही जोडी, किंवा त्याहून हलकी, मिळत नसेल तर मागची कॅसेट (चक्रांचा संच) बदलून मिळेल का आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढे मोठे चक्र पेलेल का, हे आधी विचारावे. २१ गिअरच्या सायकलीत लहान चेनरिंग २८ किंवा ३० दात्यांची असते आणि तेवढ्यापुरते तिचे पारडे जड ठरू शकते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

परंतु त्याच सायकलीत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे गिअर बदलण्याचे खटके कुठे आहेत. स्वस्त रोड सायकलींत ते हँडलच्या मध्यभागी किंवा स्टेमवर बसवलेले असतात, म्हणजे गिअर बदलायचा तर ब्रेकवरचा हात काढावा लागतो. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता, एका बाजूला बस आणि दुसऱ्या बाजूला रिक्षा असताना, हे मला सुरक्षित वाटत नाही. ब्रेकच्या दांडीतच गिअरचा खटका असेल तर हात जागचे हलत नाहीत. या एका सोयीसाठी दीड हजार रुपये अधिक द्यावे लागले तर ते आनंदाने द्यावेत. दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. ७ गिअरच्या अनेक चाकांना जुन्या पद्धतीचे, आट्यांवर फिरवून बसवायचे फ्रीव्हील असते. त्यात उजव्या बाजूचे छर्रे आसाच्या टोकापासून बरेच आत असल्यामुळे आसाचा मोठा भाग आधाराशिवाय राहतो आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी तो वाकण्याचा, प्रसंगी तुटण्याचा संभव असतो. ८ आणि त्याहून अधिक चक्रांच्या कॅसेट-हबमध्ये (हब म्हणजे चाकाचा मधला भाग) छर्रे बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे आस टिकतो आणि पुढे कॅसेट बदलणेही सोपे जाते. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीच्या रोड सायकलींसाठीच्या संचांच्या उतरंडीत टुर्नी हा ७ गिअरचा संच तळाशी आणि त्यावर ८ चा क्लॅरिस, ९ चा सोरा व १० चा टियाग्रा अशी वर्षानुवर्षांची मांडणी होती. अलीकडे क्यूज ही नवी मालिका यांची जागा घेत आहे. आपल्या रकमेत क्लॅरिस किंवा त्याच तोडीचे काही मिळत असेल तर त्यात पूर्ण समाधान मानावे. ८ गिअरची चेन आणि कॅसेट स्वस्त असतात व दीर्घकाळ चालतात.

टायरबाबत रोड सायकलींच्या जुन्या शौकिनांशी माझा मतभेद आहे. २३ मिलिमीटरांचा कडक फुगवलेला टायर म्हणजेच खरी रोड सायकल, ही समजूत आपल्या रस्त्यांवर उपयोगाची नाही. पुण्यात सिमेंटच्या रस्त्यांच्या सांध्यांत फटी आहेत, रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणे आहेत, आणि एकामागोमाग पाच-सहा पांढरे पट्टे ओढलेले उंचवटे आहेत. निदान २८ मिलिमीटरांचा टायर घ्यावा, आणि सायकलीला २५ चे टायर असतील तर फ्रेम, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुहेरी दांडा) व ब्रेक यांच्यात २८ चा टायर फिरण्यास जागा आहे का, हे पाहून घ्यावे. ही जागा नंतर निर्माण करता येत नाही. आपल्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६५ ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरावी अशी ती सूचना नव्हे. रोड सायकलींच्या ट्यूबला बहुधा बारीक, टोकाशी लहान नट असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो घेऊन सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावा. त्यावाचून सायकल ढकलत घरी आणणारी बरीच माणसे मी पाहिली आहेत.

ब्रेकविषयी लोक जेवढी चर्चा करतात तेवढी आपल्या रकमेत आवश्यक नाही. भर पावसात डिस्क ब्रेक अधिक भरवशाचा, यात वाद नाही. परंतु या किमतीतील केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचे पॅड वारंवार जुळवावे लागतात, आणि चांगल्या दर्जाचा रिम ब्रेक कोरड्या रस्त्यावर त्याच्या बरोबरीने थांबवतो. रिम ब्रेक असल्यास पावसाळ्यात दर आठवड्याला रबरात अडकलेली वाळू व धातूचे कण टोकदार वस्तूने काढावेत, अन्यथा रिम घासून पातळ होते. वजनाविषयी तर एवढेच सांगतो की आपण, सायकल, पाणी व कपडे मिळून ८० किलो भरतील, त्यात १ किलो कमी केल्याने तासाभराच्या चढाईत जेमतेम पाऊण मिनिट वाचते. १ किलोसाठी ५,००० रुपये अधिक मोजू नयेत.

घरच्यांचे हायब्रीडविषयीचे मत मुळीच चुकीचे नाही, आणि केवळ कामावर जाणे-येणे असते तर मीही तेच सुचवले असते. मात्र अनेक स्वस्त हायब्रीडना पुढे सस्पेन्शनचा फोर्क असतो. तो जड असतो, चढावर त्यात ताकद वाया जाते आणि काही वर्षांत तो अडकू लागतो. शिवाय ४०-५० किलोमीटरांच्या फेरीत हातांची जागा बदलता येणे ही मोठी सोय आहे आणि ती ड्रॉप हँडलमध्ये मिळते. आपण ५१ मापाची रोड सायकल घ्यावी. तिला मडगार्ड व कॅरिअर लावण्याची भोके आहेत का एवढे पाहावे, म्हणजे बँकेत जाताना पाठीवर पिशवी आणि कपड्यांवर चिखल, या दोन्ही गोष्टी टळतील.

वापरलेली सायकल या पैशांत एक-दोन पायऱ्या वरची मिळू शकते, यात शंका नाही, परंतु ती पारखण्यासाठी जाणता माणूस सोबत हवा. मूळ बिल आणि फ्रेमच्या तळाशी कोरलेला क्रमांक जुळला पाहिजे. हँडलजवळ आणि पेडलच्या आसाजवळ, जिथे नळ्या एकत्र येतात, तिथे केसासारखी बारीक भेग किंवा रंगाला पडलेली सुरकुती दिसली तर पुढे बोलणीच करू नयेत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवावी. खडखड आली तर हँडलच्या छर्‍यांचे काम निघते. चाक फिरवून आऊट आहे का ते पाहावे. थोडा आऊट कोणीही काढून देईल, पण रिमचा ब्रेक घासण्याचा भाग वाटीसारखा आत गेला असेल तर चाकच बदलावे लागते. चेनच्या १२ जोड्या कड्या नव्या असताना बरोबर १२ इंच भरतात. पट्टी लावल्यावर त्या १/८ इंचाने अधिक भरल्या तर चेनबरोबर कॅसेटचाही खर्च धरावा. सीटची नळी वर-खाली होते का, हे तिथेच पाहावे, कारण अनेक वर्षे न हलवलेली नळी फ्रेममध्ये कायमची अडकते. कार्बनची वापरलेली फ्रेम आपण घेऊ नये; तिच्या आतील इजा डोळ्यांना दिसत नाही.

पैशांची वाटणी अशी करावी. सायकलीला २९,००० दिल्यावर ६,००० उरतात. त्यात हेल्मेट दीड ते दोन हजारांचे, पुढचा-मागचा दिवा सुमारे १,२००, घरी ठेवण्याचा उभा पंप तेवढ्यालाच, दोन ट्यूब, टायर काढण्याच्या पट्ट्या व पंक्चरचे साहित्य ८०० आणि बरे कुलूप ६०० असा हिशेब बसतो. मडगार्ड व कॅरिअर पुढच्या महिन्यावर टाकावे लागतील. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पूर्वी करासह ३०,००० रुपयांना मिळणारी सायकल केवळ या कपातीनेच २८,१२५ रुपयांना मिळायला हवी. दुकानात जुन्या लेबलवरची ‘सवलत’ दाखवली गेली, तर त्यातील किती भाग कराचा आणि किती दुकानाचा, हे विचारण्यास संकोच करू नये.

सिंहगडाची घाई मात्र करू नये. महिना-दोन महिने खडकवासल्याच्या पुढे डोणजे फाट्यापर्यंत जाऊन यावे, नंतर एखाद्या सकाळी गोळेवाडीपासून दोन-तीन किलोमीटर चढून परत फिरावे. शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग असते, म्हणून सोमवार ते शुक्रवार यांतील एखादा सुटीचा दिवस आणि पहाट निवडावी. पावसाळ्यात दरड कोसळण्याच्या भीतीने रस्ता कधी कधी बंद ठेवतात, त्याची चौकशी करून निघावे. उतरताना दोन्ही ब्रेक सतत दाबून धरू नयेत. सरळ रस्त्यावर दाबून-सोडून वेग आटोक्यात ठेवावा आणि वळणाच्या आधीच पुरेसा कमी करावा.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, चिंचवडला शाळेत जातो आणि त्याला रोड सायकलच हवी आहे. त्याची उंची झपाट्याने वाढते आहे, म्हणून दोन मापे मोठी सायकल घ्यावी, म्हणजे चार वर्षे पुरेल, असे वाटते. योग्य होईल का?

उत्तर : योग्य होणार नाही. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेता येतो, सायकल घेता येत नाही. वरच्या नळीवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर नळी आणि शरीर यांत किमान दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहिले नाही, तर अचानक थांबताना मुलाला इजा होते. ब्रेकपर्यंत बोटे पुरली नाहीत तर धोका त्याहून मोठा. आज त्याला बसते तीच किंवा फार तर एक माप मोठी सायकल घ्यावी. त्याच्यासाठी वापरलेली सायकल हा उत्तम मार्ग आहे, कारण वाढत्या मुलांच्या सायकली दीड-दोन वर्षांतच, फारशा न झिजता, विक्रीला येतात आणि आपली सायकलही तशीच पुढे विकता येईल.

प्रश्न : कोथरूडला माळ्यावर माझी १९८० च्या दशकातील १० गिअरची लोखंडी रेसर सायकल पडून आहे. नातवाला पहिली रोड सायकल म्हणून ती दुरुस्त करून द्यावी की नवी घ्यावी?

उत्तर : आधी ती त्याच्या मापाची आहे का ते पाहावे; नसेल तर पुढचा विचार करण्याचे कारण नाही. मापाची असल्यास टायरवर काय छापले आहे ते वाचावे. ७०० सी (रोड सायकलींच्या चाकाचे आजचे प्रचलित माप) असे असेल तर सारे काही सहज मिळेल. २७ × १ १/४ असे असेल तर रिमचा व्यास ६३० मिलिमीटर आहे, ७०० सी चा ६२२, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. २७ चे चांगले टायर शोधावे लागतात. ७०० सी ची चाके बसवायची ठरवली तर ब्रेकचे रबर आणखी ४ मिलिमीटर खाली सरकण्यास वाव आहे का, हे पाहावे लागते. पेडलच्या दांड्या कोटर पिनने (पाचरीसारख्या खिळ्याने) बसवलेल्या असतील, तर त्या हातोड्याने ठोकून काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. जुन्या मिस्त्रीकडे द्यावे. फ्रेमला वरवरचा गंज असणे ठीक आहे, पण सीटची नळी काढून आत विजेरीचा प्रकाश टाकावा आणि पेडलच्या आसाच्या खोबणीत पापुद्रे सुटले आहेत का, ते पाहावे. ते नसतील तर संपूर्ण ओव्हरऑइलिंग, नव्या केबल, नवे ब्रेक-रबर, चेन आणि टायर-ट्यूब एवढ्यावर ती पुन्हा रस्त्यावर येईल. मिस्त्रीने सांगितलेला खर्च ८,००० रुपयांच्या आत असेल तर मी ती दुरुस्त करून देईन. चाके किंवा गिअरचा संपूर्ण संच बदलायचा असेल तर ते पैसे नव्या सायकलीसाठी राखावेत.